गूगलच्या आधी मराठीत माहिती कुणी गोळा केली? ज्ञानकोशकार केतकरांची गोष्ट

मध्यंतरी एका एआय चॅटबॉटला मी मराठीत एक साधा प्रश्न विचारला: धानाच्या शेतीत बोडीचा उपयोग काय? आमच्या गोंदिया जिल्ह्यात बोडी म्हणजे पाणी अडवून केलेलं छोटं तळं. पावसाने दडी मारली की धानाला तेच पाणी वाचवतं. इथल्या लहान पोरालाही हे माहीत असतं. चॅटबॉटने मात्र बोडी म्हणजे इंग्रजीतलं 'बॉडी' समजून मला धानाच्या रोपाचे भाग समजावून सांगितले. तेही अगदी ठामपणे, मुद्दे पाडून.

आधी हसू आलं. पण मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे का झालं ते कळायला वेळ लागला नाही. असं मॉडेल लिहिलेल्या मजकुरावरून शिकतं. जे कुणी लिहून ठेवलेलंच नाही, किंवा फारच कमी लिहिलंय, ते त्याच्यासाठी जवळपास नसतंच. म्हणजे खरा प्रश्न मशीनचा नाहीये. आपल्याबद्दलची माहिती आपल्या भाषेत कोण गोळा करणार, कोण तपासणार आणि त्याचा खर्च कोण करणार, हा प्रश्न आहे. विद्यापीठांत आज याला माहिती धोरण आणि माहितीची नीतिमत्ता अशी नावं आहेत. पण शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने हाच प्रश्न हातात घेतला आणि त्यात आयुष्याची उमेदीची वर्षं घातली. त्यांचं नाव डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. महाराष्ट्र त्यांना ज्ञानकोशकार म्हणून ओळखतो.

रायपूर, अमरावती आणि थेट अमेरिका

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ चा, रायपूरचा. हो, तेच रायपूर, जे आज छत्तीसगडची राजधानी आहे. तेव्हा ते मध्य प्रांतात होतं. आपला गोंदियाही त्याच प्रांतात होता, भंडारा जिल्ह्याचा भाग म्हणून (वेगळा गोंदिया जिल्हा झाला तो थेट १ मे १९९९ ला). केतकरांचं शालेय शिक्षण अमरावतीला झालं. आज हावडा-मुंबई गाडीत रायपूरला बसलात तर गोंदिया, नागपूर करत तुम्ही बडनेऱ्याला, म्हणजे अमरावतीच्या दारात पोचता. हा सगळा पट्टा सरमिसळीचा. घरात मराठी, बाजारात हिंदी किंवा छत्तीसगढी, जंगलाच्या बाजूला गोंडी, आणि सरकारी कागद इंग्रजीत. मराठी म्हणजे फक्त पुणे-मुंबई नाही, हे अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे ते मुंबईला विल्सन कॉलेजात शिकले आणि १९०६ मध्ये अमेरिकेला गेले. न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचं गाव आहे, तिथलं कॉर्नेल विद्यापीठ. तिथे त्यांनी समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा विषयांचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये पीएच.डी. मिळवली. प्रबंधाचा विषय होता भारतातल्या जातींचा इतिहास. तो १९०९ मध्येच पुस्तकरूपाने छापला गेला होता.

इथे जरा थांबूया, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

त्या काळी जातिव्यवस्थेवर जगात जे अभ्यासक गाजत होते, त्यांत सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले अशी नावं होती. रिस्ले तर १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. म्हणजे भारताबद्दलचा डेटा गोळा करणारे ते, त्याचे गट पाडणारे ते आणि त्यावरून निष्कर्ष काढणारेही ते. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ती माणसं फक्त तक्त्यातले आकडे होती. केतकरांनी त्या रांगेत जाऊन आतल्या माणसाच्या नजरेने लिहिलं.

याचा परिणाम काय झाला? ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवर आपला निबंध वाचला. त्यात त्यांनी या तिघांसोबत केतकरांचीही व्याख्या तपासली. केतकर स्वतः या समाजातले आहेत आणि मोकळ्या मनाने बघतात, याची नोंद त्यांनी घेतली. त्यांच्या व्याख्येचं मोल मान्य केलं आणि मग तिच्यातली एक चूकही दाखवली. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती: सदस्यत्व जन्माने मिळतं आणि जातीबाहेर लग्नाला बंदी असते. आंबेडकरांचं म्हणणं असं की या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. बाहेर लग्न बंद केलं की सदस्यत्व आपोआप जन्मावरच येतं. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर पहिली अट आधीच दुसरीत होती, वेगळी लिहायची गरज नव्हती.

बघा, दोन मराठी माणसं अमेरिकेत बसून आपल्याच समाजाबद्दलची व्याख्या तपासतायत, एक दुसऱ्याची दुरुस्ती करतोय. पण हे सगळं चाललं होतं इंग्रजीत. ज्या माणसांबद्दल ही चर्चा होती, त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता येणार नव्हती.

मराठीत ज्ञान आणायचं, पण पैसे कोण देणार?

अमेरिकेनंतर काही काळ लंडनला राहून केतकर १९१२ मध्ये परतले. थोडा काळ त्यांनी कलकत्ता विद्यापीठात शिकवलं. तेव्हा जगात आणि देशात काय चालू होतं ते लक्षात घ्या. ब्रिटानिका विश्वकोशाची प्रसिद्ध अकरावी आवृत्ती १९१०-११ मध्ये आली होती, २९ खंडांची. बंगालीत नगेंद्रनाथ बसूंनी २२ खंडांचा विश्वकोश १९११ मध्ये पुरा केला होता. मराठीत त्या तोडीचं काही नव्हतं.

केतकरांनी ठरवलं की मराठीत सर्व विषयांचा ज्ञानकोश काढायचा. आता आजच्या हिशेबाने विचार करा. हाताशी विद्यापीठ नाही, सरकारी अनुदान नाही, कुणी एक राजा पाठीशी उभा नाही. मग त्यांनी काय केलं? १९१६ च्या सुमारास नागपुरात एक मर्यादित कंपनी काढली, ज्ञानकोश मंडळ. लोकांना भाग विकले. कोश छापायच्या आधीच वर्गणीदार नोंदवायला सुरुवात केली. त्यासाठी गावोगाव माणसं फिरवली. आज आपण ज्याला स्टार्टअप आणि क्राउडफंडिंग म्हणतो, त्याच्याशी हे बरंचसं जुळतं. पुढे कामाचं ठिकाण पुण्याला हललं.

ही फक्त पैशाची सोय नव्हती. त्यात एक धोरण आहे, निदान परिणाम तरी तसाच आहे. ज्याच्या पैशातून माहिती गोळा होते, त्याच्या सोयीने ती रचली जाते. सरकारने पैसे दिले की सरकारला हवे ते रकाने भरले जातात. जाहिरातीवर चालणारी सेवा असली की ज्यावर क्लिक पडतं ते वर येतं. वर्गणीवर चाललेल्या कोशाला मात्र वाचकालाच उत्तर द्यावं लागतं. अर्थात याचा तोटाही आहे. वर्गणी भरायची ऐपत ज्याच्याकडे आहे, तोच वाचक ठरतो.

कोश बांधायचा कसा?

आता थोडं इंजिनिअरिंग. अकारविल्हे कोशात एक मोठी अडचण असते. समजा पहिल्या खंडात 'अ' घ्यायचाय. तर 'अ' पासून सुरू होणारे सगळे लेख, मग ते अणूवरचे असोत, अफगाणिस्तानावरचे असोत की अभंगावरचे, सगळे तयार हवेत. एक लेखक रखडला की अख्खा खंड अडतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. एका मॉड्यूलसाठी पूर्ण रिलीज लटकते. इकडे वर्गणीदार पैसे भरून बसलेले.

केतकरांच्या कोशाची रचना बघा. एकूण २३ विभाग (ते खंडाला विभाग म्हणत). पहिले पाच प्रस्तावनेचे, आणि ते अक्षरांप्रमाणे नाहीत तर विषयांप्रमाणे: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. सहाव्या विभागापासून अकारविल्हे लेख सुरू होतात आणि एकविसाव्यापर्यंत चालतात. मग सूचीचा विभाग आणि हिंदुस्थानावरचा विभाग. पहिला विभाग १९२० मध्ये बाहेर पडला आणि १९२९ पर्यंत काम पुरं झालं. म्हणजे विषयवार विभाग छापून वाचकांच्या हातात जात असताना अक्षरवार लेखांचं काम पुढे सरकू शकत होतं. वाचकालाही सुट्या नोंदींच्या आधी एक मोठा नकाशा मिळत होता.

सूचीसाठी वेगळा विभाग ही गोष्ट आपल्याला आज किरकोळ वाटेल. पण सर्च बॉक्स नसलेल्या जगात सूची हेच सर्च इंजिन असतं. एखादा विषय स्वतंत्र लेख म्हणून नसेल, पण दहा लेखांत विखुरलेला असेल, तर तो सूचीशिवाय सापडणारच नाही. माहिती असणं आणि ती सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हे सगळं खिळे जुळवून छापायच्या काळात. देवनागरीत जोडाक्षरं, मात्रा, रफार यांचे इतके खिळे लागतात की जुळारी टेकीला येतो. वर परदेशी नावं मराठीत कशी लिहायची, शास्त्रातल्या संज्ञांना कोणते शब्द घ्यायचे, हे प्रश्न पानोपानी. मराठीत संगणकावर मजकूर सगळीकडे चालेल अशा एका पद्धतीने साठवायला आपल्याला युनिकोडची वाट बघावी लागली. त्यांना तर प्रत्येक नाव कसं लिहायचं हेच ठरवत जावं लागलं असणार, नाहीतर एकच माणूस दोन अक्षरांखाली दोनदा यायचा.

हे काम एकट्याचं नव्हतं. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ही ज्ञानकोशातली सहकारी जोडी. पुढे याच दोघांनी महाराष्ट्र शब्दकोश उभा केला. म्हणजे एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पासाठी माणसं घडली. हा फायदा जमाखर्चात दिसत नाही, पण कदाचित सगळ्यात मोठा तोच. केतकरांनी स्वतः या कामाचा हिशेब 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात मांडला, १९२७ मध्ये. प्रकल्प कसा चालला हे लोकांपुढे ठेवायचं, ही पारदर्शकता आजच्या किती कंपन्या दाखवतात?

पडद्यामागचं एक नाव

लंडनच्या मुक्कामात केतकरांची ओळख एडिथ कोहन या जर्मन ज्यू तरुणीशी झाली होती. दोघांचं लग्न झालं १९२० मध्ये, म्हणजे पहिला विभाग आला त्याच वर्षी. एडिथच्या शीलवती झाल्या. त्या काळच्या पुण्यात हे लग्न किती बोललं गेलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

शीलवतीबाईंचं स्वतःचं काम मोठं आहे. ऑस्ट्रियन विद्वान विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचं इंग्रजी भाषांतर त्यांनी केलं. त्याचा पहिला खंड कलकत्ता विद्यापीठाने १९२७ मध्ये काढला. जगभर अभ्यासक आजही हा ग्रंथ वापरतात, आणि पहिल्या खंडावर भाषांतरकार म्हणून नाव आहे फक्त मिसेस एस. केतकर. नवऱ्यामागे आयुष्य कसं गेलं ते त्यांनी पुढे 'मीच हे सांगितलं पाहिजे' या आपल्या पुस्तकात लिहिलं. नावातच सगळं आलं. कामाचं श्रेय कुणाच्या नावावर जमा होतं, हा प्रश्न ओपन सोर्सवाल्यांनी शोधून काढलेला नाही, तो आधीपासूनच आहे.

कोश कुणाच्या नजरेचा?

आता दुसरी बाजूही बघू, नाहीतर ही नुसती आरती होईल.

केतकरांच्या जातीवरच्या प्रबंधात मुख्य आधार होता मनुस्मृतीचा. म्हणजे डेटा म्हणून जे वापरलं, ते एका वर्गाने लिहिलेलं आणि नियम कसे असावेत हे सांगणारं होतं. त्याच नियमांखाली जगणाऱ्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं, कारण त्यांना लिहू दिलंच नव्हतं. ज्ञानकोशातही प्रस्तावनेच्या पाचांपैकी एक पूर्ण विभाग वेदविद्येचा आहे. कार्यालय पुण्याला, लिहिणारी माणसं इंग्रजी शिकलेली, शहरातली. गोंड किंवा कोहळी समाजाबद्दल अशा कोशात लिहिलं गेलं तरी ते दुसऱ्याने लिहिलेलं. रिस्लेच्या तक्त्यात मराठी माणूस जिथे होता, मराठी कोशात आमचा गोंड शेजारी त्याच जागी राहतो.

केतकरांचं मन या भागात नव्हतं असं मात्र नाही. त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या आणि १९२६ च्या एका कादंबरीचं नावच 'गोंडवनातील प्रियंवदा' आहे. पण कोशाच्या दर्जाचं ज्ञान आणि गावातल्या माणसाचं ज्ञान यांच्यामधली भिंत एका माणसाने पडण्यासारखी नव्हती.

डेटासेटचा कल म्हणतात तो हाच. कुणी मुद्दाम खोटं लिहीत नाही. फक्त जे लिहिलेलं मिळतं तेच घेतलं जातं, आणि जे लिहिलेलं नाही ते गळतं. माझ्या बोडीचं झालं तसं.

शेवट, आणि नंतर

१९३१ मध्ये हैदराबादला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे केतकर अध्यक्ष होते. मान भरपूर मिळाला, पैसा नाही. कोश पुरा झाला, पण शेवटची वर्षं ओढाताणीतच गेली. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात ते वारले. वय फक्त ५३.

आता एक कायद्याची गोष्ट, कारण ती इथे खरंच कामाची आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ठराविक वर्षं कॉपीराइट चालतो, आज ती मुदत ६० वर्षांची आहे. केतकरांना जाऊन त्याहून कितीतरी जास्त काळ लोटला. त्यांनी स्वतः लिहिलेला मजकूर त्यामुळे आता सगळ्यांचा आहे. कुणीही वाचावा, छापावा, त्यावर काम करावं. मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने ज्ञानकोश युनिकोडमध्ये टाइप करून इंटरनेटवर खुला केला. स्कॅन केलेली नुसती चित्रं नाहीत, तर शोधता येणारा मजकूर. हा फरक महत्त्वाचा आहे. चित्रातला शब्द मशीनला सहज सापडत नाही, टाइप केलेला सापडतो. १९२० च्या दशकात वर्गणी भरणाऱ्यांपुरता असलेला कोश आज देवरी-सालेकशातल्या पोरीला मोबाइलवर फुकट मिळतो. मुदत संपल्यावर ज्ञान सगळ्यांचं होतं, हा नियम किती कामाचा आहे ते यावरून कळावं.

केतकरांनंतर हे काम थांबलं नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोश झाला, तो राज्य सरकारच्या पैशातून. मग १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो स्वयंसेवकांच्या जोरावर. तीन कोश आणि पैशाचे तीन मार्ग: वर्गणी, सरकार, आणि फुकट दिलेला वेळ. आता चौथा मार्ग आलाय. मोठ्या कंपन्या हा सगळा मजकूर मॉडेलला खाऊ घालतात आणि उत्तरं परत आपल्याला विकतात. मला स्वतःला त्यात सरसकट वाईट काही दिसत नाही, मी रोज ही साधनं वापरतो. पण केतकरांची गोष्ट वाचल्यावर तीन प्रश्न विचारायची सवय लागली. ही माहिती कुणी लिहिली? खर्च कुणी केला? आणि कोण सुटलं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं आपल्या हातात आहे. यासाठी कंपनी काढायची गरज नाही, २३ विभागही लिहायचे नाहीत. आधी ज्ञानकोश उघडा आणि आपल्या भागाबद्दल काय लिहिलंय ते बघा. गोंदियावाल्यांनी 'भंडारा' शोधायला विसरू नका, तेव्हा आपण त्याच जिल्ह्यात होतो. मग मराठी विकिपीडियावर आपल्या गावाचं पान बघा. चूक दिसली तर दुरुस्त करा, भर घाला, आणि माहिती कुठून घेतली ते द्या. शेतातला, तलावातला, धानातला एखादा शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. सांगणाऱ्याची परवानगी घ्या आणि त्याला श्रेय द्या.

मी सुरुवात बोडीपासून केलीय. बाबांना विचारलं तर अर्ध्या तासात बोडीबद्दल इतकं सांगितलं की माझी वहीची चार पानं भरली. त्यातलं बरंचसं मला स्वतःलाही माहीत नव्हतं. चॅटबॉटला काय नावं ठेवायची मग!